दार ओढून घेतल्यानंतर

त्याला सगळे मुखडा म्हणत. गाण्याची पहिली ओळ म्हणजे मुखडा, आणि ती त्याला चहा निवायच्या आत सुचायची. पुढचे अंतरे मात्र तो आठवडेच्या आठवडे लांबवायचा. त्याच्या गाण्यांना चाली लावणारा मित्र एकदा वैतागून म्हणाला, "तुझं दुकान नुसतं दर्शनी आहे. आत माल कधी भरणार?" त्या दिवशी हे नाव पडलं आणि चिकटलं. न्हावी मुखडा म्हणायचा, पेपरवाला म्हणायचा, बायकोच्या कामावरच्या बायकाही म्हणायच्या.

नाव ठेवणाऱ्यालाही नाव पडलेलं होतंच. गाणं कुठलंही असो, तो ते काळी चार या एकाच पट्टीत बसवायचा, मग गाणाऱ्याचा गळा फाटो की राहो. म्हणून तो काळीचार. दोघांनी मिळून उभं आयुष्य गाणी केली. सभागृहातल्या कार्यक्रमांसाठी केली, रेडिओसाठी केली, साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिरातींसाठीही केली. काळीचार कीबोर्डवर चाल वाजवत ला-ला-ला म्हणायचा आणि मुखडा त्या ला-ला-लाच्या जागी शब्द बसवायचा. साचा आयता मिळायचा, ओतकाम याचं. शब्द मोठा झाला की तासायचा, सैल झाला की बदलायचा. वेळ लावायचा, पण पाट्या टाकल्या नाहीत कधी.

त्याचं एक गाणं फार चाललं. 'जाताना तू दार ओढून घे.' बसमध्ये, सलूनमध्ये, दुकानादुकानांत ते वाजायचं. लोकांना वाटायचं, बाई कायमची सोडून चालली आहे. चांगली धट्टीकट्टी माणसं डोळे पुसायची. खरी गोष्ट अशी होती की बायको पहाटेच्या पाळीला जायची तेव्हा हा झोपलेला असायचा. दार नीट ओढलं नाही की वाऱ्यानं आपटत राहायचं आणि याची झोप मोडायची. गाण्याचा जन्म एवढ्यातच होता.

बायको एका मोठ्या लाँड्रीत होती. गावातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं धुतल्या जायच्या. गाणं गाजल्यावर तिथल्या बायकांना चिडवायला आयतं कोलीत मिळालं. "काय गं, आज तरी ओढून आलीस का दार?" ती म्हणायची, "कुलूप लावून आले. आत तसाच ठेवलाय."

नवं गाणं पहिल्यांदा तिला ऐकवायचं, असा मुखड्याचा शिरस्ता होता. पाळी संपवून आली की ती खुर्चीत बसायची, पाय स्टुलावर ठेवायची आणि हा गायला लागायचा. बहुतेक वेळा दुसऱ्या अंतऱ्याला तिची मान पडायची. मुखडा तो निकाल समजायचा. जिथं तिला डोळा लागला तिथं गाणं सैल आहे, असं धरून पुढचं कापून टाकायचा. त्यामुळं त्याची गाणी आखूड. मोजकं लिहितो म्हणून त्याचं कौतुक व्हायचं. काळीचार एकदा म्हणाला, "मोजकं कसलं, तुझी बायको दमलेली असते!" दोघेही खूप हसले. मुखड्यानं त्यावर पुढं काही विचार केला नाही.

मग काळीचारची बोटं आखडली. औषधं झाली, शेक झाले, पण बोटं वळेनात. त्यानं कीबोर्डवर कापड घातलं आणि वर फुलदाणी ठेवली. चाली बंद झाल्या. मुखड्याला शब्द मात्र येतच राहिले, आणि ओतायला साचा नाही. तो घरभर पुटपुटत फिरायचा. पाण्याचं भांडं गॅसवर विसरायचा. एक दिवस भांड्याचं बूड जळालं तेव्हा सुट्टीवर आलेली लेक म्हणाली, "बाबा, कादंबरी लिहा. तिला चाल लागत नाही."

"मग काय लागतं?"

"बूड. भांड्याला उरलं नाही, निदान तुम्ही तरी टेकवा."

लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून तिचं बोलणं असंच तुटक झालं होतं. ती परत गेली, पण बोललेलं मुखड्याच्या डोक्यात राहिलं. कुणावर लिहायचं हा प्रश्नच नव्हता. त्याच्या सगळ्या गाण्यांत मिळून बाई एकच होती.

त्यानं बायकोला सांगितलं. ती कपाटातले कपडे लावत होती. हात थांबला नाही.

"गाण्यांत घेतलंत तेव्हा मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "गाण्यातली बाई कुणाचीही होते. ज्यानं त्यानं आपापली बसवावी. पण कादंबरीत माझं घर येणार, माझं काम येणार, कामावरच्या बायका येणार. त्या वाचतील. तेव्हा माझी अट आहे. लिहाल ते आधी मला वाचून दाखवायचं. मी खोटं म्हटलं की फाडायचं. वाद घालायचा नाही."

"सगळं फाडायचं?"

"सगळं."

त्यानं कबूल केलं. कबूल करताना मनात म्हणाला, हिला दुसऱ्या पानावर झोप लागणार, कसलं खोटं आणि कसलं काय. पण त्या रात्री झोप त्यालाच आली नाही. साठी उलटून गेली होती. या वयात दुसरी कादंबरी व्हायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. होणार ती एकच, आणि ती राहणार की फाटणार हे एका बाईच्या एका शब्दावर.

सुरुवात झोकात झाली. बाई पहाटे उठते. दिवा न लावता आवरते. झोपलेल्या नवऱ्याकडे एकदा बघते आणि जाताना दार ओढून घेते. पान भरलं. मुखड्याला स्वतःचाच हेवा वाटला.

मग गाडी अडली. दार ओढलं, आता पुढं काय? गाण्यात इथं बाईला काही करावं लागत नसे. दार लागलं की वाद्यं वाजायची, आणि दुसरा अंतरा सुरू होईपर्यंत संध्याकाळ झालेली असायची. इथं बाई दाराबाहेर जिन्यात उभी, आणि मुखडा टेबलाशी बसलेला. दोघंही जागचे हलेनात. असा सबंध आठवडा गेला.

तो काळीचारकडे गेला. काळीचार गरम पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून बसला होता.

"दार ओढल्यावर काय होतं रे?"

"बासरी," काळीचार म्हणाला. "पुढं व्हायोलिन. तू त्या वेळात बाहेर जाऊन सिगारेट ओढायचास."

"आणि बाई कुठं जायची?"

"मला काय ठाऊक! बाई तुझ्या घरातली. मी फक्त मधली जागा भरून द्यायचो. आता तुझी तू भर."

मुखड्यानं भरली. बाईला त्यानं जिना उतरवला, रस्त्यावर आणलं. मावळत्या चांदण्यांकडे बघत ती चालली आहे, केस वाऱ्यावर भुरभुरताहेत, एक खांदा लाजेनं किंचित कललेला. हा खांदा त्याच्या एका जुन्या गाण्यातही होता आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. चालत चालत बाई लाँड्रीच्या फाटकाशी पोचली आणि प्रकरण संपलं.

सुट्टीच्या दिवशी त्यानं ते बायकोला वाचून दाखवलं. या खेपेला ती झोपली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं."

"काय खोटं?"

"वाद घालायचा नाही ठरलंय."

"वाद नाही गं घालत. विचारतोय."

"अंधारात आभाळाकडे बघत चाललं तर माणूस गटारात जातं. त्या रस्त्याला निम्म्या झाकणांचा पत्ता नसतो. मी खाली बघत जाते. केस आवळून बांधलेले असतात, मोकळे सोडून मशीनपाशी गेलं तर मुकादम आत घेत नाही. आणि खांदा."

"खांद्याचं काय?"

"लाज कसली त्यात? लांबी म्हणतो ना आम्ही, तिच्याबरोबर चादरी धरते मी. ती ही एवढी ताडमाड. तिच्या उंचीला पुरवता पुरवता माझा उजवा खांदा वर चढला तो चढलाच. म्हणून डावा पडलेला दिसतो." ती हसली. "तुमच्या त्या गाण्यावर लांबी कसली फुगली होती! म्हणायची, भाऊजींनी माझ्यावर गाणं केलं आणि नाव तुझं लागलं."

मुखड्यानं पानं फाडली. अट ती अट. तुकडे टोपलीत टाकताना म्हणाला, "मग तूच सांग ना, काय करतेस तिथं दिवसभर?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "आज विचारताय," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "सांगून काय सांगणार. चादरींच्या घड्या करते. झालं सांगून."

दुसऱ्या दिवशी मुखडा लाँड्रीच्या फाटकावर गेला. हॉटेलांचा हंगाम होता, ओझी ओढायला हंगामी माणसं घेत होते. मुकादमानं त्याला वरून खाली न्याहाळलं.

"तुम्ही ते गाणीवाले ना? इथं मशीनच्या आवाजात रेडिओसुद्धा ऐकू येत नाही."

"मला ऐकायचं नाही, काम करायचंय."

"वयाचं काय?"

"चादरीला कुठं कळतंय वय?"

"चादरीला नाही कळत, काका. कंबरेला कळतं." पण माणसं कमी होती. त्यानं घेतलं.

घरी बायकोनं आधी जेवण उरकलं. मग पायपुसण्याजवळचे त्याचे बूट उचलून तळवे वाकवून बघितले. "हे घसरतील. जुने खरबरीत आहेत ते घाला. आणि ऐका. तिथं मी तुम्हाला ओळखत नाही."

लाँड्रीत कपडे धुणं हे काम माणसं करत नाहीत, ते मशीन करतं. माणसं करतात ते आधीचं आणि नंतरचं. आधी मैली कापडं निवडायची. हातमोजे घालून एकेक झटकायची, कारण इस्पितळाच्या चादरीत काय येईल याचा नेम नाही. चष्मे येतात, कवळ्या येतात, एखादा बाळमोजा येतो. ते बाजूच्या टोपलीत ठेवायचं. मग धुलाई. धुऊन झाल्यावर ओल्या चादरी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात, जाड दोरखंडासारख्या. तो पीळ सोडवून त्या हातगाड्यांत भरायच्या आणि गाडी रोलरकडे ढकलायची. रोलर म्हणजे वाफेनं तापलेला, खोलीभर रुंदीचा, फिरता दंडगोल. एका बाजूनं दोघीजणी ओली चादर ताणून आत सरकवतात, पलीकडून ती कोरडी आणि कडक होऊन बाहेर येते. तिथं दोघीजणी ती झेलून घडी घालतात. चादर थांबत नाही. तुम्हाला शिंक आली तरी थांबत नाही.

मुखड्याला गाडीवर लावलं. ओलं कापड उचलायची रीत असते. अंगाजवळ घ्यायचं आणि गुडघ्यातून उठायचं. त्याला कुणी ते सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि आवाजात ऐकू गेलं नसेल. तो हात लांब करून कंबरेतून वाकला. दुपारपर्यंत कंबरेनं जाब विचारला. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना भिंतीला धरावं लागलं. तरी गेला. आठवड्याभरात त्याला ती रीत सापडली, कारण बाकी सगळ्या रीतींनी दुखत होतं.

पहाटे दोघं बरोबर निघायची. अंधारात ती पुढं, तो मागं, दोघंही खाली बघत. फाटकाशी आल्यावर ती अनोळखी व्हायची. सगळ्यांना सगळं माहीत होतं. लांबी तर लांबूनच ओरडायची, "ताई, तो नवीन गडी तुझ्याकडे बघतोय गं! सांभाळ!"

त्या दिवसांत मुखड्यानं एक ओळ लिहिली नाही. मनात यायच्या, पण बोटांत पेन धरायची ताकद उरायची नाही. घरी आल्यावर तो बायकोच्या समोरच्या खुर्चीत बसायचा. एकाच स्टुलावर चार पाय. एकदा तो तिला काही सांगत होता, मैल्या कापडांत सापडलेल्या एका चष्म्याचं. सांगता सांगता डोळा लागला. जाग आली तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती.

"दुसऱ्या अंतऱ्याला गेलात," ती म्हणाली.

तो हसला. मग हसू ओसरलं. त्याला कापून टाकलेले अंतरे आठवले. इतक्या वर्षांचे, इतके सगळे. त्यातले काही चांगले होते. ते सैल नव्हते. ऐकणारी पहाटेपासून उभी होती, एवढंच.

हंगाम संपत आला तेव्हा एक दिवस लांबीची दाढ सुजली. ती आली नाही. मुकादमानं इकडं-तिकडं बघितलं आणि मुखड्याला रोलरच्या पलीकडच्या बाजूला उभं केलं, बायकोसमोर.

"मी हिला ओळखत नाही," मुखडा म्हणाला.

"होईल ओळख," मुकादम म्हणाला आणि गेला.

पहिली चादर आली ती त्याच्या हातातून सुटली. दुसरी सुटली नाही, पण बोटं पोळली. "बोटं आत घेऊ नका," ती म्हणाली. "टोक धरा, नुसतं टोक. माझ्याकडे नका बघू, टोकाकडे बघा." चादर हवेत ताणायची, एक झटका द्यायचा, तिची दोन टोकं जुळवायची. मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकं समोरच्याच्या हातात द्यायची, खालची घडी उचलून मागं सरायचं. पुन्हा जवळ यायचं. घडी ढिगावर पडायच्या आत पुढची चादर बाहेर डोकावलेली असायची. हळूहळू त्याला ते साधायला लागलं. आयुष्यभर चालीवर काम केलेला माणूस. पाय ठेक्यावर पडायला लागले. पण ठेका त्याचा नव्हता. तिचा होता. तो फक्त मागं मागं होता.

एकदा टोकं देताना त्याचं लक्ष गेलं. तो काही लांबीसारखा ताडमाड नव्हता, तिच्याहून जेमतेम बोटभर उंच. आज तिचे दोन्ही खांदे सरळ होते. वाफेनं चेहरा लाल झालेला, केस आवळलेले, आणि खांदे एका रेषेत. त्याला एक मुखडा सुचला. चांगला होता. पण पुढची चादर आली होती, त्यानं टोक धरलं. मुखडा गेला तो गेलाच.

हंगामी माणसांना सोडल्यावर तो टेबलाशी बसला. आता बाई जिन्यात थांबली नाही. तो रोज तिच्या पाळीबरोबर लिहायला बसायचा आणि ती परत यायच्या सुमाराला उठायचा. हात आखडला की झटकायचा आणि पुन्हा लिहायचा. गाणं लिहिताना मनासारखा शब्द मिळेपर्यंत तो चार-चार दिवस हिंडायचा. इथं तसं करून भागत नव्हतं, कारण वाक्यामागं वाक्य येत राहायचं, रोलरमधून चादर यावी तसं. कुठलंही वाक्य गाण्यासारखं व्हायला लागलं की तो ते खोडायचा. हे त्याला सगळ्यांत जड गेलं. जन्मभर ज्याचे पैसे मिळाले तेच खोडायचं.

दर सुट्टीच्या दिवशी सकाळी तो बायकोला वाचून दाखवायचा. ती भाजी निवडत ऐकायची. कधी म्हणायची, "रोलर बंद करायची दोरी डाव्या हाताला आहे." तो बदलायचा. खोटं हा शब्द मात्र आला नाही. एकदा लांबी येऊन बसली आणि तिच्यावरचं पान ऐकून म्हणाली, "काय हो भाऊजी, ताडमाडच लिहायचं होतं तर निदान खुर्चीवर बसवून लिहायचं! जरा बुटकी आले असते." पण जाताना तिनं ते पान आणखी एकदा वाचायला लावलं, आणि दोन्ही वेळा तिच्या दाढेचा उल्लेख आला की गालाला हात लावला.

शेवटी ढीग पुरा झाला. शेवटचं प्रकरण वाचून झाल्यावर मुखड्यानं चष्मा काढला आणि वाट बघत बसला.

"लाँड्री खरी आहे," ती म्हणाली. "अगदी खरी. वास येतो." मग म्हणाली, "घर खोटं आहे."

त्यानं चष्मा पुन्हा लावला. "घरात काय खोटं आहे? हीच खुर्ची आहे, हेच स्टूल आहे."

"ती दमून घरी येते. दार उघडते. खुर्चीत बसते. घरात कोण आहे?"

"नवरा आहे की."

"कुठं आहे?"

मुखड्यानं पानं उलटली. नवरा म्हणाला. नवऱ्यानं विचारलं. नवरा हसला. सगळीकडे होता आणि कुठंच नव्हता. त्याला हात नव्हते, पाय नव्हते, बसायला जागा नव्हती. नुसता आवाज. गाण्यात असंच असतं. गाण्यातल्या 'मी'ला तोंड लागत नाही, गाणारा आपलं लावतो. त्यानं कधी त्या माणसाकडे पाहिलंच नव्हतं.

"मला सुचत नाही गं तो," तो म्हणाला. "काय करायचा तो, तू नसताना? बसून असायचा. ओळी जुळवायचा. त्यात दाखवण्यासारखं काय आहे?"

"मला ठाऊक आहे काय करायचा ते."

"तू तर घरी नसायचीस."

"कोपऱ्यावरचं वळण आलं की मी वर बघायचे," ती म्हणाली. "जाताना खाली बघते, येताना वर बघते. खिडकीत तुम्ही असायचात. मी दिसले की आत पळायचात. मी वर येईपर्यंत टेबलाशी, लिहिताय असं सोंग घेऊन. पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं नसायचं कधी कधी. पाणी उकळत ठेवलेलं असायचं. स्टूल खुर्चीपुढं सरकवलेलं असायचं. सकाळी मी ते भिंतीला लावून जायचे."

मुखडा खाली बघत राहिला. साठी उलटलेल्या माणसाचे कान लाल झाले.

"तुला माहीत होतं?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? जिना मी मुद्दाम हळू चढायचे. तुम्हाला बसायला वेळ मिळावा म्हणून."

तो उठला. कागदांचा सबंध ढीग दोन्ही हातांनी उचलला, अंगाजवळ घेऊन, गुडघ्यातून, आणि टोपलीकडे निघाला. अट ती अट. तिनं वाटेत उभं राहून ढिगावर हात ठेवला.

"लाँड्री राहू द्या. घर तेवढं फाडा."

"अट सगळ्याची होती."

"अट कुणाची होती?"

"तुझी."

"मग मीच बदलली. ठेवा ते टेबलावर."

घराची पानं त्यानं फाडली. ती पुन्हा लिहायला लाँड्रीपेक्षा जास्त दिवस लागले. लाँड्रीत जाऊन बघता येत होतं. खिडकीतल्या त्या माणसाला बघायला कुठल्या फाटकातून जायचं? मुखडा खिडकीशी उभा राहायचा, वळणाकडे बघायचा, तिथून पळत टेबलापर्यंत यायचा आणि पुन्हा खिडकीशी जायचा. काळीचार भेटायला आला असताना त्यानं हा प्रकार पाहिला. "कादंबरी लिहितोयस की कवायत करतोयस?" मुखडा म्हणाला, "एक माणूस शोधतोय. आळशी आहे, पण पाणी वेळेवर ठेवतो." काळीचार म्हणाला, "मग सापडला की मला सांग, माझं पाणी गार झालंय." आणि आपली बोटं पुढं केली. मुखड्यानं भांडं चढवलं.

नवं प्रकरण झालं त्या दिवशी बायकोला सुट्टी होती. सकाळचं ऊन खिडकीतून स्टुलापर्यंत आलं होतं. ती खुर्चीत बसली, पाय वर घेतले. आज भाजी घेतली नव्हती. मुखडा वाचायला लागला. बाई फाटकातून बाहेर पडली. रस्त्याला लागली. दुकानं ओलांडली. कोपऱ्यावरच्या वळणाशी आली. त्यानं सहज वर पाहिलं तर हिची मान खांद्यावर पडलेली, उजव्या.

त्याचा हात आपोआप पेनाकडे गेला. जुनी खोड. जिथं डोळा लागला तिथून पुढचं कापायचं. पेन उचललं, पानावर टेकवणार, आणि थांबला. पेनाला टोपण लावलं. आवाज न करता उठला, पाणी ठेवलं आणि खुर्चीशी येऊन तिचे पाय घसरणार नाहीत असं स्टूल जरा आत सरकवलं. मग वाट बघत बसला. त्याला घाई नव्हती. गाणं मधेच थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. हे तसं नव्हतं.

पाण्याला उकळी आली त्या आवाजानं तिला जाग आली. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "कुठवर आलो होतो?"

"वळणावर पोचली होती ती."

"वर बघितलं का तिनं?"

"अजून नाही."

"मग वाचा की," ती म्हणाली, "खोळंबला असेल तो खिडकीत."

मुखड्यानं चष्मा लावला, पान सरळ केलं आणि वळणापासून पुढं वाचायला लागला.